कार्ब्युरेटरखालची लग्नपत्रिका

आमचे घरमालक लग्नाची पत्रिका आधी मोजायचे, मग वाचायचे. दर वेळी वाचायचेच असंही नाही. पत्रिका द्यायला आलेली माणसं दारात चपला काढत असायची, तोवर काकांनी सदऱ्याच्या खिशातून मायक्रोमीटर काढून तिची जाडी घेतलेली असायची. मग ती उजेडाकडे धरायची, वाकवून सोडायची आणि निकाल द्यायचा. साधा, जाडसर, न चकाकणारा कागद असला तर "पास". गणपती उठावाचा आणि वर सोनेरी असला तर "रिजेक्ट". आलेली माणसं गोंधळायची. मुलगा रिजेक्ट झाला की मुलगी, तेच त्यांना कळत नसे. मी जिन्यावरून जाता जाता खुलासा करायची, की काका कागदाबद्दल बोलताहेत, तुम्ही लग्न होऊ द्या.

काका खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मोजायची आणि तिच्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर वस्तू यायच्या थांबल्या, शिक्का मात्र राहिला. पोळी, पापड, पेपरवाल्याने टाकलेला पेपर, नवा जावई, सगळ्यांना तोच. पास आणि रिजेक्ट यांच्या मधे त्यांच्याकडे एक तिसरा निकाल होता, "सवलतीने पास". म्हणजे वस्तू नकाशाप्रमाणे नाही, पण काम भागेल. मी भाडेकरू म्हणून सवलतीने पास झाले होते. मी घरी फराळाच्या ऑर्डरी घेते हे ऐकून ते म्हणाले होते, "तळणीचा वास वर जातो. तुम्ही पहिल्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. चालेल."

तेव्हापासून मी "पहिला मजला" झाले. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "अहो पहिला मजला, तुमचं पाणी आलंय." माझे यजमान हे "पहिल्या मजल्याचे गृहस्थ" आणि मुलगा "पहिल्या मजल्याचा आवाज". काकू मी राहायला येण्याच्या आधीच गेल्या होत्या. त्यांना ते काय म्हणत असत, हे विचारायचं मी टाळलं.

तर पत्रिका. नारायण पेठेतल्या त्या दुमजली घरापुढे एक गाडी मावेल एवढंच अंगण होतं आणि तिथे काकांची जुनी पांढरी छोटी गाडी उभी असायची. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. इंजिनात दोन लोखंडी भाग एकावर एक आवळतात तेव्हा मधून तेल-पाणी झिरपू नये म्हणून कागदाची एक चकती घालतात, तिला गॅस्केट म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या गॅस्केटवर काकांचा विश्वास नव्हता, कारण ती कोणी तपासली ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते लग्नपत्रिकेची करायचे. उठावाचा गणपती नको, कारण गणपतीच्या सोंडेपाशी गळतं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं तेव्हा पत्रिका अर्थातच त्यांनी निवडली. मुलीला मोर हवे होते. सोनेरी कड हवी होती. तिला मिळाला दुधी रंगाचा कोरा जाड कागद, त्यावर काळी अक्षरं, आणि छापून आल्या त्या पाहुण्यांच्या दुप्पट. "माझ्या लग्नाला माणसांपेक्षा पत्रिका जास्त होत्या, ताई," ती मला सांगायची. "अर्ध्या गाडीला होत्या." उरलेल्या पत्रिका काकांनी स्टीलच्या डब्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या होत्या. अगदी नाजूक काम निघालं तरच त्यातली एक बाहेर यायची. इतर लग्नांच्या पत्रिका किरकोळ कामांना.

मुलगी लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायची, घरही तिकडेच. ती सरळ, बोलणं मोजकं. माझं तिच्याशी पटायचं. गाडीबद्दल तर आमचं एकमत होतं, फक्त कारणं वेगळी. तिला वडील रस्त्यात अडकण्याची भीती वाटायची. मला अंगण हवं होतं. दिवाळीच्या आधीचे दिवस मी दोन मोठ्या शेगड्या लावून काम करायची, ते सगळं एका चिंचोळ्या गॅलरीत, कढईची मूठ एका भिंतीला आणि माझी पाठ दुसऱ्या भिंतीला. अंगण मिळालं असतं तर चार बायका ठेवता आल्या असत्या. मी काकांना हे स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांनीही स्पष्ट उत्तर दिलं होतं. "गाडी गेली की अंगण तुमचं." माणूस स्वतःच्या जाण्याबद्दल बोलतो त्या सुरात.

एका वर्षी गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं. इंजिन थंड ठेवायला जे हिरवं पाणी असतं, कूलंट, ते काका सकाळी भरायचे आणि चार दिवसांत पातळी खाली. गळती असणार हे कोणीही सांगितलं असतं. काकांनी मात्र तपासणी केली. रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं, सकाळी ते बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात इंच न इंच बघायचं. कागद कोरडा. निष्कर्ष, गळती नाही, इंजिन पाणी पितंय. आणि इंजिन पाणी पितं म्हणजे आजार आतला. मग रेडिएटरचे पाइप बदलले, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं. वर्तमानपत्र कोरडंच. पातळी खालीच.

मग एका रविवारी ते मुलीला आणि तिच्या सासूबाईंना एका डोहाळजेवणाला घेऊन निघाले आणि सोलापूर रस्त्यावर भर दुपारी गाडीने वाफ सोडली. सासूबाई पैठणी नेसून, हातात ओटीचं ताट घेऊन उसाच्या ट्रॉलीशेजारी उभ्या. इंजिन निवेपर्यंत काका त्यांना इंजिन कसं निवतं ते समजावून सांगत होते. संध्याकाळी मुलगी आली ती खुर्चीवर न बसता बोलली. दसऱ्याला बाबांनी तिच्याकडे जेवायला यायचं, याच गाडीतून. वाटेत एकदाही बॉनेट न उघडता गाडी लोणीला पोचली तर ती राहील. उघडलं, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल, त्याच्याशी तिचं बोलणं झालं होतं. आणि बॉनेट उघडलं की नाही हे बघायला गाडीत मी बसायचं.

"पहिला मजला कशाला?" काका म्हणाले. "त्यांना अंगण हवंय."

"म्हणूनच," मुलगी म्हणाली. "त्या तुमची बाजू घेणार नाहीत."

अष्टमीच्या संध्याकाळी मी रव्याच्या लाडवांचा पाक करत होते आणि मला पाक करपल्याचा वास आला. माझा पाक करपत नाही. तरी गॅस बंद केला. वास चालूच. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर खाली काका बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवून उभे, आणि वास तिथून येत होता. मी झारा हातात तसाच धरून खाली गेले आणि म्हटलं, काका, तुमची गाडी पाक करतेय.

ते म्हणाले, वासाला माप नसतं, वासावर निकाल देता येत नाही. मी त्यांच्याकडे लक्ष न देता नाक पुढे करून आत वाकले. वरच्या बाजूला, कार्ब्युरेटर जिथे इंजिनावर बसतो त्याच्या बुडाशी, हिरवट पांढरी खपली धरली होती. पातेल्याच्या काठाला साखर धरते तशी. मी झाऱ्याने तिकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

काकांनी खपली नखाने उकरून पाहिली. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं, जणू चूक माझी होती. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचा डबा. कडाक्याच्या थंडीत तो गारठू नये म्हणून त्याच्या बुडातून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. तिथलं गॅस्केट गेलं की पाणी थेंबथेंब झिरपतं, खालच्या तापलेल्या लोखंडावर पडतं, कूलंट मुळात गोडसर म्हणून करपल्या पाकासारखा वास सोडतं आणि जागच्या जागी वाफ होऊन जातं. जमिनीपर्यंत पोचतच नाही.

"म्हणून कागद कोरडा," मी म्हटलं.

"कागदाची चूक नाही," काका म्हणाले.

पुण्यात कधीही न पडणाऱ्या थंडीची ती सोय, आणि तिच्यापायी त्यांनी अर्धी गाडी बदलली होती. पण हे मी बोलले नाही, कारण वर लाडू व्हायचे होते. काकांनी अंधार पडेपर्यंत वरचे पाइप सुटे केले, पाणी काढून घेतलं, नट सैल करून ठेवले. उद्या दिवसभरात काम संपेल, परवा दसरा, असा हिशेब करून ते झोपले.

उद्या खंडेनवमी होती.

काका पहाटे उठले, आंघोळ केली, आणि कारखान्यात जन्म काढलेल्या हातांनी दर वर्षी करायचे तेच त्यांना न विचारता केलं. पाटावर लाल कापड, त्यावर सगळे पाने ओळीने लहान ते मोठे, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मध्यभागी मायक्रोमीटर. वर आले आणि माझी कात्री, विळी, सुरी नेली, ती ते दर वर्षी न्यायचेच. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, आरती. पूजेला लावलेली हत्यारं दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत उचलायची नाहीत. हे सगळं यथासांग झालं आणि मग त्यांची नजर खिडकीतून अंगणातल्या उघड्या बॉनेटवर गेली.

मी प्रसाद घ्यायला खाली आले तेव्हा ते पाटासमोर बसले होते. मी विचारलं, एखादं फूल बाजूला करून एखादा पाना घेतला तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. मेकॅनिक बोलवावा, तर गावातल्या प्रत्येक गॅरेजला आज तोरण आणि प्रत्येक मेकॅनिकचे पाने पाटावर. काकांनी तरी दोघांना फोन केले. एकाने शुभेच्छा दिल्या. दुसऱ्याने, काका तुम्ही असं विचारावं, म्हणून खंत व्यक्त केली.

ते कुरकुरले असते तर मी वर निघून गेले असते. पण ते नुसते मायक्रोमीटरवर वाहिलेलं कुंकू बघत बसले. मला अर्धवट उघडं पडलेलं काम बघवत नाही, मग ते गाडीचं असो की कणकेचं.

"काका, आज स्वयंपाकघराला सुट्टी असते का?"

"स्वयंपाकघराला कधीच नसते."

"मग झालं तर."

त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते उठले, एक फेरी मारली, परत आले. नियमात बसतं, म्हणाले. नियम करताना कोणी बायकांना विचारलं नव्हतं, ते असं एकदाच उपयोगी पडलं.

वरून मी टोपली भरून सामान आणलं. सांडशी, उलथनं, बत्ता, करंज्यांचं पितळी कातणं, आणि यजमानांच्या जुन्या सायकलचा दोन्ही टोकांना गोळे असलेला पाना. त्या पान्यावर वाद झाला. काका म्हणाले, हे हत्यार आहे, याची पूजा व्हायला हवी होती. मी म्हटलं, हा चमच्यांच्या खणात राहतो आणि मी याने शेगडीचे नट आवळते आणि अक्रोड फोडते. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला. वासाला माप नसतं म्हणणाऱ्या माणसाने. तळणीचा वास आला असावा. "भांडं," ते म्हणाले. "चालेल."

सांडशी त्यांना धरता येईना, म्हणून ते सांगायचे आणि मी करायची. सैल केलेले नट सायकलच्या पान्याने आणि मागचा आडबाजूचा सांडशीने काढला. कार्ब्युरेटर उचलला. जुनं गॅस्केट काळं पडून चिकटलं होतं, ते उलथन्याने खरवडलं, थालीपीठ तव्याला लागलं की खरवडतात तसं. काका सारखे म्हणत होते, ओरखडा उठता कामा नये. मी त्यांना विचारलं, माझ्या तव्यावर कधी ओरखडा पाहिलाय का.

मग ते आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आले. आत एकच पत्रिका होती. शेवटची. त्यांनी तिची जाडी घ्यायला सवयीने खिशाकडे हात नेला, खिसा रिकामा. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून पाहिली. "असेल बरोबर," ते म्हणाले. इतकं अंदाजाचं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पत्रिका कार्ब्युरेटरच्या बुडावर ठेवून भोकांच्या कडेकडेने बत्त्याने हलके ठोकत जायचं, की लोखंडाची कडच कागद कापते. वेलदोडे कुटायला लागतो तेवढाच जोर. भोकं स्वच्छ पडली. बाहेरची कड कापायला कात्री नव्हती, म्हणून मी कातणं फिरवलं. करंजीला येते तशी नागमोडी कड आली. काका दुखावल्यासारखे बघत राहिले. मी विचारलं, बाहेरच्या कडेने काही गळतं का? नाही, म्हणाले. मग? मग काही नाही. त्यांनी नळीतला चिकट लेप बोटाने लावला, मी सगळं आवळलं, आणि पाणी भरून गाडी चालू केली. मी बुडाशी नाक नेऊन उभी राहिले. काही नाही. फक्त पेट्रोल.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरल्यावर निघालो. गाडीला झेंडूचा हार, काका धुतलेल्या सदऱ्यात, खिशात मायक्रोमीटर परत. वीस वर्षांच्या ओळखीत मी त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होते. काकांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर. हडपसरला सगळं पुणं सणाला बाहेर पडलेलं. गाड्या चिकटून उभ्या. काटा हळूहळू वर जायला लागला. काकांनी गाडीतला हीटर चालू केला, इंजिनाची उष्णता तिकडून बाहेर निघते म्हणे. ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही दोघं हीटर लावून बसलो. शेजारच्या रिक्षावाल्याने डोकावून विचारलं, काका, थंडी वाजतेय का.

काटा आणखी वर. प्रश्न सरळ होता. पाणी जात असेल तर थांबून बॉनेट उघडायला हवं, म्हणजे गाडी गेली. न उघडता तसंच चालवलं तर इंजिनच बसेल, म्हणजे गाडी गेलीच. आणि पाणी जात नसेल, फक्त गर्दीमुळे तापली असेल, तर पुढे जायचं. पण काटा हे सांगत नाही.

काकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पहिला मजला, वास येतोय?"

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि डोळे मिटले. बसचा धूर. झेंडू. कुणाच्या तरी पिशवीतली गरम जिलबी. तिचा पाक होता, पण तो दुकानातला, एकतारी आणि जरा जास्त वेलदोडा घातलेला. गाडीचा नव्हता.

"नाही. चला पुढे."

"खात्री?"

"लाडू करते मी, काका."

त्यांनी गाडी पुढे घेतली. मांजरी गावाच्या पुढे रस्ता मोकळा झाला, वारा लागला, काटा खाली आला. हीटर बंद केल्यावर काही वेळाने ते म्हणाले, "हो म्हणाला असतात तर अंगण मिळालं असतं." मी म्हटलं, मला ते माहीत आहे, समोर बघून चालवा.

लोणीला मुलगी फाटकात उभी होती. नमस्कारही न करता ती आधी माझ्याकडे वळली. मी मान हलवली, उघडलं नाही. मग तिने स्वतः बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिली. कार्ब्युरेटरच्या खालून दुधी कागदाची नागमोडी कड चहूबाजूंनी डोकावत होती. एका कोपऱ्यात तिच्या नवऱ्याच्या आडनावाचं शेवटचं अक्षर.

"बाबा, ही माझी पत्रिका."

"शेवटची," काका म्हणाले. "सवलतीने पास. कड नकाशाप्रमाणे नाही."

"माझ्या लग्नात मात्र असली कड चालत नव्हती तुम्हाला."

"तेव्हा माझ्याकडे कातणं नव्हतं."

ती जी हसायला लागली ती बॉनेट धरून हसत राहिली. सासूबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. त्यांना इंजिनात करंजीची कड दाखवल्यावर त्या मला म्हणाल्या, सारण काय घातलंय.

गाडी राहिली. त्या दिवाळीत मी पुन्हा गॅलरीत, पाठ भिंतीला लावून तळलं. खाली अंगणात काका गाडी पुसत होते. त्यांनी वर बघून एकदा म्हटलं, की तळणीचा वास खालीही येतो. मी म्हटलं, माप आहे का त्याला. तक्रार तिथेच संपली.

पुढे माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मी निवडली. जाड, दुधी, कोरी. सूनबाईला मोर हवे होते. पहिली पत्रिका काकांना दिली. त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला, बघितलं, वाकवलं, सोडलं. "पत्रिका पास," ते म्हणाले. "लग्नाचं तुमचं तुम्ही बघा."

दोन वर्षांपूर्वी काका गेले. पोळी मोजली, जेवले, दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. याला त्यांनी पास म्हटलं असतं. गाडी मुलगी लोणीला घेऊन गेली, भंगारवाल्याचा विषय निघाला नाही. अंगण मला मिळालं. तिथे आता दोन मोठ्या शेगड्या आहेत, चार बायका आहेत आणि ऐसपैस जागा आहे. पाठ टेकायला भिंत नाही, एवढीच गैरसोय.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. तिकडच्या गॅरेजवाल्याने गाडी उघडली होती. असलं नक्षीचं गॅस्केट कोणी बसवलं म्हणून हसला, आणि ते फेकून बाजारातलं नवं कोरं घातलं.

"ताई," ती म्हणाली, "गाडीतून पाकाचा वास येतोय. तुमच्याकडे मुलाच्या पत्रिका उरल्यात का?"

उरल्या होत्या. स्टीलच्या डब्यात, डांबराच्या गोळ्या घालून. मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात खंडेनवमी कधी आहे ते पाहिलं, आणि मग कातणं पिशवीत टाकलं.